न आलेली मतदारचिठ्ठी

मी भारताचं नागरिकत्व सोडलं ते एका मतदानासाठी, आणि ते मतदान होणारच नव्हतं.

लोक नागरिकत्व नोकरीसाठी सोडतात, प्रेमासाठी सोडतात, विमानतळावरच्या रांगा चुकवायला सोडतात. त्यात निदान काहीतरी पदरात पडतं. माझ्या पदरात एक आब्श्टिमुंग पडणार होती. या जर्मन शब्दाचा अर्थ मतदान असाच आहे, डिक्शनरीतही तोच दिलाय, मी काही तो मनाने लावला नव्हता. पण मतदान कोण करणार, हे डिक्शनरी सांगत नाही.

ही २००४ सालच्या शरदातली गोष्ट. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला येऊन मला नऊ वर्षं झाली होती. गिअरबॉक्सच्या चाचण्या घेणं हे माझं काम, आणि त्या कामाची एक खोड मला लागलेली आहे: कुठलंही पुस्तक मी शेवटच्या पानापासून वाचतो. मॅन्युअलमध्ये बिघाडांची यादी शेवटी असते ना! नागरिकत्वाच्या कचेरीत फॉर्म आणायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी ग्रुंडगेझेट्झचं, म्हणजे त्यांच्या मूलभूत कायद्याचं, छोटं पुस्तक हातात ठेवलं. ट्राममध्ये बसून मी ते सवयीने शेवटून उघडलं, आणि शेवटच्याच कलमाने माझा घात केला. त्या कलमाचा अर्थ असा, की जर्मन जनता ज्या दिवशी आपल्या मुक्त निर्णयाने एक घटना अमलात आणेल, त्या दिवशी हा कायदा संपेल. म्हणजे पुस्तक स्वतःच सांगतंय की मी तात्पुरतं आहे. युद्धानंतर देशाचे दोन तुकडे झाले होते, म्हणून त्यांनी त्याला ‘घटना’ न म्हणता ‘मूलभूत कायदा’ म्हटलं; देश एक होईल तेव्हा लोक खरी घटना करतील. देश एक झाला. तात्पुरतं मात्र तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात पेपरात होतं, की युरोपची नवी घटना तयार आहे, प्रत्येक देशाने तिला मान्यता द्यायची आहे, आणि जर्मनीत आब्श्टिमुंग बहुधा मे महिन्यात. मी दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर पाच आलं. लोक घटना करतील, मेमध्ये मतदान आहे, तोवर मी नागरिक झालेलो असेन. सरळ हिशेब.

अडचण वडिलांची, आमच्या दादांची, होती. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सॉर्टिंगला पस्तीस वर्षं. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्ध आहे, आणि त्याच्या शेजारी चष्म्यातला, हातात पुस्तक घेतलेला फोटो आहे, कुणाचा ते सांगायला नको. दर सव्वीस जानेवारीला वडील आम्हा भावंडांना त्या फोटोखाली उभं करत आणि घटनेचा सरनामा म्हणून घेत. ‘आम्ही भारताचे लोक’ इथे आवाज चढला पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. असल्या माणसाला फोनवर सांगायचं, की मी ते लोक राहणार नाही.

सांगितलं.

“व्हिसाच्या रांगा टळतात म्हणून सोडणार आहेस का?” त्यांनी विचारलं.

“नाही दादा. इथे नवी घटना होतेय. सगळ्या युरोपची. मे महिन्यात मतदान आहे. मला मत देता येईल.”

“घटनेवर मतदान? लोकांचं?”

“लोकांचं.”

मग म्हणाले, “एक घटना सोडायची तर दुसरी घडवायला सोड. मग माझी ना नाही.” आणि आयुष्यात कधी पासपोर्ट न काढलेला माणूस पुढे म्हणाला, “मे महिन्यात मी येतो. मला ते बघायचंय.”

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने स्वतः नागरिकत्व बदललं नव्हतं, बदलणारही नव्हती. “तू नीट चौकशी केलीस ना?” एवढंच तिने विचारलं. एरवी ती मला ‘तू’ म्हणते. वडिलांसमोर ‘अहो’ होतो.

मी म्हटलं, “शेवटचं कलम वाचलंय मी.”

“आणि आधीची?”

नवऱ्याने ज्या प्रश्नांना उत्तर देऊ नये त्यातला हा एक.

मार्चमध्ये प्रमाणपत्र मिळालं. वकिलातीत माझ्या भारतीय पासपोर्टवर ‘रद्द’चा शिक्का बसला. खिडकीमागच्या गृहस्थांनी तो शिक्का असा मारला, जणू पार्सल चुकीच्या गावचं होतं. तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. मी घटनाकार व्हायला निघालो होतो!

एप्रिलच्या शेवटी कॅन्टीनमध्ये मी सहज सहकाऱ्याला विचारलं, की मेच्या मतदानाचं केंद्र शाळेत असतं की नगरभवनात. तो बटाट्याचं सॅलड खात होता.

“कसली वाल?” तो म्हणाला. निवडणुकीला जर्मनमध्ये वाल म्हणतात.

“घटनेची.”

“ती तर संसदेत आहे. बर्लिनला. खासदार मत देणार.”

“आणि लोक?”

“लोक?” त्याने खरोखर विचार केला. चांगला माणूस होता. “लोक टीव्हीवर बघणार.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली नाही, याची मला जास्त भीती वाटली. तिने डबा उघडून वाल भिजत घातले आणि म्हणाली, “या घरात यंदा एवढीच वाल. मोड यायला दोन दिवस लागतील. बाबांचं विमान परवा आहे, तोवर तोंड उघड.”

मी तोंड उघडलं नाही. दादा विमानतळावर उतरले ते हातात लोकरी मफलर आणि पिशवीत एक पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन. मतदानाचा शर्ट. गावी तो वर्षभर ट्रंकेत असतो आणि निवडणुकीच्या दिवशी बाहेर येतो. त्यांनी तो आमच्या कपाटात हँगरला लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, “मतदारचिठ्ठी आली का रे?”

“पोस्टाने येते, दादा,” मी म्हटलं.

थापा मारण्यात मी तसा बरा आहे. पण पस्तीस वर्षं टपाल वाटणीला घातलेल्या माणसाला ‘पोस्टाने येते’ सांगणारा मूर्ख मराठी मुलखात दुसरा सापडायचा नाही. त्या दिवसापासून दादा रोज साडेदहाला खाली जाऊन टपालपेटीसमोर उभे राहू लागले. पिवळ्या सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनशी त्यांची दोस्ती झाली; एकाला जर्मन येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, पण गठ्ठा कसा धरावा यावर दोघांचं एकमत होतं. दादा वर येत ते पिझ्झाची जाहिरात, गादीच्या सेलची जाहिरात आणि कचऱ्याचं वेळापत्रक घेऊन.

“यात नाही,” ते म्हणत. “पण टपाल चोख आहे इथलं. येईल.”

बायको भाकरी थापता थापता माझ्याकडे बघायची. “अहो, बाबांना सांगा ना कधी येते चिठ्ठी.” तो ‘अहो’ मला सुरीसारखा लागायचा.

आता सांगतो माझा संताप कुठून आला. लाजेतून आला हे कबूल आहे. पण तो खोटा नव्हता. आमच्या इमारतीत जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, केअरवोखे म्हणतात तिला. दारावर पाटी लटकते आणि तुमची पाळी चुकली तर खालच्या मजल्यावरच्या बाई तुम्हाला हिशेब विचारतात. तळघराच्या दाराला रंग हिरवा द्यायचा की करडा यावर आमची सगळ्यांची बैठक झाली होती, दोन तास, हात वर करून. दही संपल्यावर त्याचा डबा धुवून टाकायचा की तसाच, यावर मला महापालिकेचं रंगीत पत्रक आलं होतं. या देशाला माझं मत हवं होतं. दह्याच्या डब्यावर, जिन्यावर, दारावर. फक्त घटनेवर नको होतं! तिकडे पश्चिमेला, गाडीने दोन तासांवर, फ्रेंच लोक चौकाचौकात भांडत होते. त्यांना विचारणार होते. म्हणे आमच्या मूलभूत कायद्यात लोकांना विचारायची सोयच नाही. आणि ते शेवटचं कलम? त्यातली ती मुक्त निर्णय घेणारी जनता कुठे गेली, केअरवोखेला?

हे सगळं मी कॅन्टीनमध्ये बोलायचो, गाडीत एकटा असताना बोलायचो, वालाचं बिरडं खाताना मनात बोलायचो. वडिलांसमोर मात्र शब्द नाही.

मग बारा मे आला. गुरुवार होता. मी मुद्दाम कामावर उशिरापर्यंत थांबलो. सहाला घरी आलो तर दादा टीव्हीसमोर उभे. बसलेले नाहीत, उभे. अंगात पांढरा शर्ट. पडद्यावर संसद, आणि खासदार रांगेने येऊन पेटीत कार्ड टाकत होते.

“अरे, मतदान चालू आहे!” ते ओरडले. “पेट्या आहेत, रांग आहे, मग आपण घरात काय करतोय? चल!”

मी बायकोकडे बघितलं. तिने टीव्हीचा आवाज बंद केला.

“बाबा,” ती म्हणाली, “ते सकाळीच झालं. बातम्यांत दाखवतायत. ते सगळे खासदार आहेत. इथे लोकांना विचारत नाहीत. यांना एप्रिलमध्येच कळलं होतं.”

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. कफाची बटणं सोडली, एक एक करून, आत जाऊन शर्ट हँगरला लावला, आणि बनियनवर बाहेर येऊन जेवायला बसले. जेवताना मीठ मागितलं. बाकी काही नाही. पुढचे चार दिवस ते साडेदहाला खाली गेले नाहीत. पोस्टमनने एकदा बेल वाजवून खाणाखुणांनी विचारलं, की म्हातारे आजारी आहेत का. त्याला काय सांगणार?

मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मी नेहमीप्रमाणे चुकीचं केलं. आमच्या भागातल्या नागरी सभागृहात एक खासदार ‘युरोपची घटना आणि आपण’ यावर बोलायला येणार होते, नंतर प्रश्नोत्तरं. ठरवलं, की दादांना तिथे न्यायचं आणि त्यांच्या देखत त्या माणसाची सालटी काढायची. मत देता आलं नाही, पण मुलगा भांडला, एवढं तरी त्यांना दिसेल. दादा ‘येतो’ म्हणाले. साधा निळा शर्ट घातला.

साडेसहाची वेळ. बाहेर लख्ख ऊन. चाळीस खुर्च्या, वीस माणसं, बहुतेक पांढऱ्या केसांची, आणि कोपऱ्यात लोणी लावलेल्या ब्रेत्सेल-पावांचा ट्रे. खासदार नीटनेटके, सौम्य, एकेक शब्द इस्त्री केलेला. दादांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको, त्यांच्या कानात मराठीत सांगत.

प्रश्नांची वेळ आली आणि माझा हात सगळ्यात आधी वर गेला.

“मी मार्चमध्ये या देशाचा नागरिक झालो,” मी सुरुवात केली. “आणि एप्रिलमध्ये मला कळलं, की मला कुणी काही विचारणार नाही. का?”

“आल्झो, असं बघा,” खासदार म्हणाले, “आधी अभिनंदन. पण विषय फार गुंतागुंतीचा आहे. शेकडो पानं आहेत. असं काही लोकांपुढे ठेवलं, की लोक दुसऱ्याच कुठल्यातरी रागाचं उत्तर देतात.”

“म्हणजे लोक मूर्ख आहेत?”

“असं मी म्हटलेलं नाही.”

“दह्याच्या डब्याचं पत्रक मला कळतं आणि घटना कळणार नाही?”

मागून एक आजोबा ‘गेनाऊ!’, अगदी बरोबर, म्हणाले आणि टाळी वाजवली. ती टाळी मला नको तितकी चढली. मुळात मी दोन वाक्यं बोलून बसणार होतो. आता मी दोन पावलं पुढे आलो.

“मी ज्या देशातून आलो,” मी म्हणालो, “तिथे बहुतेक माणसांना सहीसुद्धा करता येत नव्हती. अंगठे उठवत होती. तरी आमची घटना लोकांनी स्वतः मत देऊन स्वीकारली! ‘आम्ही भारताचे लोक’, हे तिचे पहिले शब्द आहेत. तुमच्या लोकांना तर वाचता येतं!”

आता चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. खासदारांनी भुवया उंचावल्या. ते खरोखर प्रभावित झाले होते, हेच वाईट.

“हे मला ठाऊक नव्हतं. भारतात सार्वमत झालं होतं? कधी?”

“एकोणीसशे एकोणपन्नास,” मी म्हणालो. साल तोंडपाठ होतं.

“आणि निकाल?”

“प्रचंड बहुमत.”

बायको कुजबुजायची थांबली. मग तिने तेही वाक्य दादांच्या कानात सांगितलं, कारण ती प्रामाणिक आहे. दादा उठले. त्यांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि परवानगीची वाट पाहिली. खासदारांनी मान हलवल्यावर आपल्या टपालखात्याच्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून म्हणाले,

“सर, माय सन इज राँग. देअर वॉज नो सच व्होट. नोबडी आस्क्ड अस.”

मागचे ‘गेनाऊ’वाले आजोबा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्याच टाळीची फसवणूक केली होती. खासदार हसले. मोठ्या मनाने हसले, आणि म्हणाले की बघा, जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीनेसुद्धा ते प्रतिनिधींवरच सोपवलं. मला त्या हसण्याची अजून चीड येते. मी चुकलो होतो, म्हणून ते बरोबर ठरत नव्हते!

पण दादा खाली बसले नव्हते.

“वन मिनिट, सर,” ते त्याच इंग्रजीत म्हणाले. “आमचे प्रतिनिधी जवळजवळ तीन वर्षं बसले. एकेका कलमावर, एकेका शब्दावर भांडले. ते भांडण छापलेलं आहे, कुणीही वाचावं. तुमचं किती चाललं?”

“एक सकाळ,” खासदार म्हणाले. “पण आधी समित्यांमध्ये...”

“थँक यू, सर,” म्हणून दादा बसले. त्यांना टाळ्या पडल्या नाहीत. जर्मन लोकांना कोणत्या बाजूने टाळी वाजवायची ते कळलं नाही.

परतीच्या ट्राममध्ये मी उभा, ते दोघं बसलेले. अजून लख्ख उजेड होता. मी भडकलेलो होतो. आधी खासदारांवर, मग दादांवर. बाहेरच्या माणसासमोर आपल्या मुलाला खोटं पाडायची काय गरज होती?

“तुम्ही गप्प बसला असतात तर तो निरुत्तर झाला होता,” मी म्हटलं.

“खोट्याने?”

“मला तसंच वाटत होतं, दादा. खरंच. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणजे लोकांनीच ना? लहानपणापासून तेच म्हणायला लावलंत तुम्ही.”

“म्हणायला लावलं. पुढे वाचायला तुला कुणी नको म्हटलं होतं?” ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. “माझ्या बापाला मत नव्हतं. ज्या आमदारांनी ते प्रतिनिधी निवडले, त्यांना निवडायलासुद्धा नव्हतं. तेव्हा मत मिळायला जमीन पाहिजे, शाळा पाहिजे. आम्हाला तर घटना झाल्याचं गावात कितीतरी दिवसांनी कळलं, मास्तरांच्या पेपरातून.”

“मग तुम्हाला राग नाही आला? विचारलं नाही म्हणून?”

“गावाला विचारलं असतं तर?” आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. “चावडीवर सगळ्यांना बसवून विचारलं असतं, की अस्पृश्यता बंद करायची का, हात वर करा. किती हात वर आले असते? आमच्या वस्तीचे वीस. बाकी गाव?”

बायकोने पर्स मांडीवरून बाजूला ठेवली. ट्राममध्ये पुढचा थांबा पुकारला गेला.

“म्हणजे या खासदाराचं बरोबर आहे?” मी विचारलं.

“त्याचं कसं बरोबर? एका सकाळीत उरकलं त्यांनी. विचारायचं नसेल तर निदान भांडा तरी.” ते तापले होते. निदान आम्ही दोघं एकाच माणसावर तापलो होतो, तेवढा मला धीर आला. त्या धीरातच मी तोंड उघडलं. एप्रिलपासून जे विचारायचं टाळत होतो ते विचारलं.

“दादा, तुम्ही म्हणाला होतात, दुसरी घडवायला सोड. मी तर कशासाठीच नाही सोडलं. त्या पासपोर्टवर शिक्का बसलाय. आता तुमचा राग आहे का माझ्यावर?”

बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं. दादांनी मफलर नीट केला. आमचा थांबा आला होता, म्हणून ते उठले, खांबाला धरून उभे राहिले आणि दार उघडायच्या आधी म्हणाले,

“नाही रे. तुला कळलीच नव्हती ती घटना सोडलीस, त्यात सोडलंस ते काय?”